चित्रपटानंतर चर्चा होईल

पुण्यात आता विद्यापीठं किराणा दुकानांसारखी झाली आहेत. एका रस्त्यावर दोन, आणि समोर तिसऱ्याची पाटी. त्यातल्याच एकाच्या आवारात दर शनिवारी दुपारी जगभरचे चित्रपट फुकट दाखवतात. फुकट म्हटल्यावर गर्दी असणार, म्हणून पहिल्या शनिवारी आम्ही लवकर जाऊन बसलो. सभागृह निम्म्याहून जास्त रिकामं राहिलं. मग बाहेर जाऊन दारावरचा कागद मी पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चित्रपटानंतर चर्चा होईल.' तेव्हा उलगडा झाला. पुणेकर फुकट मिळालेलं काही सोडत नाही, पण चर्चा त्याच्या घरीच मुबलक असते.

मला तिथे नेलं माझ्या नवऱ्यानं. ते विक्रीकर खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते आणि मनात साहेब म्हणते, आणि इथेही साहेबच लिहिते, कारण माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातला साहेब काही निवृत्त झाला नव्हता. भाजीवाल्याला ते 'बोला, काय म्हणणं आहे तुमचं' अशा सुरात मेथीबद्दल विचारायचे. सकाळी वर्तमानपत्रातली बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मी कांदा चिरता चिरता नुसतं 'हं' म्हटलं की 'तुझं लक्ष नाही' असा शेरा मारायचे. लक्ष नव्हतंच. मी शाळेत मराठी शिकवलं. उभा जन्म मुलांचे निबंध तपासल्यावर म्हातारपणी नवऱ्याचे निबंध ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे शनिवारी दुपारी अंधारात दोघांनी गप्प बसायची सोय आहे म्हटल्यावर मी लगेच होकार दिला. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आम्ही जाऊ लागलो.

चित्रपट चांगले असत. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, त्यांची स्वयंपाकघरं, त्यांची भांडणं बघताना दोन तास कसे जात कळत नसे. माझी तक्रार त्यानंतर जे होई त्याबद्दल आहे.

दिवे लागले की प्राध्यापक पुढे येत. चाळिशीचे, खादीचा कुर्ता, एका हातात माईक. दुसरा हात हवेत, लोण्याच्या गोळ्याला आकार द्यावा तसा फिरत असे. हाच उपक्रम ते चालवत. पहिल्या वाक्यात चित्रपट कधीच नसे. "आज आपण ज्या अवकाशात एकत्र आलो आहोत, तो अवकाश स्वतःलाच प्रश्नांकित करतो," असं काही तरी ते म्हणत. आमच्या शाळेतल्या पोराने असं वाक्य लिहिलं असतं, तर त्याच्या आईला बोलावून घेतलं असतं मी.

मग पेठेतले एक वयस्कर गृहस्थ उठत. "मी प्रश्न विचारणार नाही, फक्त दोन शब्द बोलणार आहे," असं म्हणून ते बोलायला लागले की बाहेर मांडलेल्या चहावर साय धरे. जगातला प्रत्येक चित्रपट त्यांनी तरुणपणी पाहिलेला होता, आणि तेव्हा तो आजच्यापेक्षा चांगला होता. त्यांच्यानंतर प्राध्यापकांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी बोले. तिचं प्रत्येक वाक्य 'सरांनी म्हटलं तसं' असं सुरू होई आणि सरांनी जे म्हटलं तिथेच संपे. बाकीचे विद्यार्थी हजेरीसाठी आलेले असत आणि फोनमध्ये असत. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. त्या सभागृहात तेवढेच प्रामाणिक होते.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी थंड समुद्रातल्या कोळ्यांचा चित्रपट होता. नंतर प्राध्यापक आमच्या रांगेपाशी आले. "काका, तुम्ही नियमित येता, पण ओळख नाही. पूर्ण नाव सांगाल?"

साहेबांनी सांगितलं. आडनाव ऐकल्यावर प्राध्यापकांचा चेहरा एकदम मऊ झाला. पुण्यात आडनाव ऐकून चेहरा कडक होतो, तोही मी पाहिला आहे, आणि मऊ होतो, तोही. मऊ झालेला जास्त बोलतो.

"काका, आज तुम्ही बोलायलाच हवं," प्राध्यापक म्हणाले. "या कोळ्यांचं जगणं तुम्हाला आतून जाणवलं असेल."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे, परिघावरच्या माणसाचं जगणं..."

"माझे वडील रेल्वेत हेडक्लार्क होते. समुद्र मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. अलिबागला जाताना. हिला बोट लागली."

"तरी एक सामूहिक स्मृती असते ना, काका."

"माशांची?" साहेबांनी खरोखरच विचारलं. त्यांना टोमणे मारता येत नाहीत. ते खातं घरात माझ्याकडे आहे.

प्राध्यापक मान हलवत पुढे गेले. मला वाईट वाटलं नाही, किळस आली. माझे सासरे छप्पन्न साली बौद्ध झाले आणि त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती पुस्तकांचं कपाट. त्या घरातल्या माणसाला हा गृहस्थ दुसऱ्यांच्या दुःखाचा नमुना म्हणून उभा करत होता, तेही इतक्या प्रेमानं की भांडायचीही सोय नाही. बसमध्ये मी म्हटलं, "पुढच्या वेळी पडद्यावरची नावं संपली की उठायचं."

"बघू," साहेब म्हणाले. अधिकारी माणूस 'बघू' म्हणाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

त्यानंतरच्या महिन्यात दोन भावांचा एक चित्रपट आला. डोंगरातलं एक गाव. भिंतीच्या वादावरून दोघे भाऊ कित्येक वर्षं बोलत नाहीत. धाकटा गावातच राहिलेला, थोरला डोंगराच्या पलीकडे जाऊन बसलेला. एका हिवाळ्यात धाकटा खेचर घेऊन बर्फातून निघतो. वाटेत खेचर अडतं, तो त्याला शिव्या घालतो, मग त्याच्याच अंगाला टेकून रात्र काढतो. शेवटी तो भावाच्या दारासमोर उभा राहतो, हातमोजा काढतो, दार वाजवायला हात उचलतो. आणि चित्र तिथेच थांबलं.

आम्ही वाट पाहिली. हात वरच. शेजारचा विद्यार्थीही फोनमधून मान वर काढून बघायला लागला. मग कोणी तरी दिवे लावले.

प्राध्यापक पुढे आले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डोळे मिटून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "किती धाडसी शेवट."

टाळ्या पडल्या.

"दार हे सत्तेचं रूप आहे," ते पुढे म्हणाले. "आणि दिग्दर्शक आपल्याला सांगतो की या दारावर थाप पडूच शकत नाही. हा हात आता कायमचा हवेत राहणार आहे."

पेठेतले गृहस्थ उठले. त्यांनी हा चित्रपट पूर्वी पाहिला होता, आणि तेव्हाही हा हात त्यांना रात्रभर झोपू देईना, असं त्यांनी सांगितलं. पीएचडीवाली मुलगी म्हणाली, "सरांनी म्हटलं तसं, तो हात कायमचा हवेत आहे," आणि खाली बघत बसली.

तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "चित्रपट संपला का?"

"म्हणजे काय, काका?"

"शेवटी नावं येतात ती आली नाहीत. आणि खाली ती पांढरी रेघ दिसतेय, ती अजून उजव्या टोकाला गेलेली नाही. मला वाटतं, अडकलाय."

पडद्यावर ती रेघ खरंच दिसत होती. कॉम्प्युटरला कोणाचा तरी हात लागला असावा. सगळ्यांनी पाहिली. प्राध्यापकांनीही पाहिली. आणि मग ते हसले. पाहुण्यांसमोर घरातलं मूल काही बोलून जातं तेव्हा मोठी माणसं हसतात, तसं.

"काका, आपल्याला शेवटाची सवय लागलेली असते," ते म्हणाले. "व्यावसायिक चित्रपटांनी लावलेली. ती सवय मोडायला तर आपण इथे येतो."

सगळं सभागृह हसलं. साहेब खाली बसले. तीस वर्षांची नोकरी केलेला माणूस चष्मा काढून रुमालानं पुसत राहिला, काच स्वच्छ असताना. नवऱ्याला हसण्याचा हक्क बायकोचा असतो. तो हक्क त्या दिवशी फोनमध्ये डोकं घातलेल्या पोरांपासून त्या पेठेतल्या थापाड्यापर्यंत सगळ्यांनी वापरला, आणि मला ते सहन झालं नाही.

चित्रपट इंटरनेटवर शोधायला मला दोन दिवस लागले. सापडला तो उपशीर्षकांशिवायचा, पण शेवटाला भाषेची फारशी गरज नव्हती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघांनी पाहिला. हात खाली येतो. दार वाजतं. थोरला भाऊ दार उघडतो, बराच म्हातारा, अंगावर घोंगडी. दोघे एकमेकांकडे बघतात. मग थोरला वैतागून काही तरी बोलतो, आणि धाकटा घाईघाईनं आत येऊन दार लावून घेतो. 'दार लाव, थंडी आत येतेय,' असंच काही तरी तो म्हणाला असणार. दुसरं काय म्हणणार? मग थोरला शेगडीवरचं भांडं उतरवतो, दोघे काही तरी गरम पितात, आणि थोरला खिडकीतून बाहेरच्या खेचराकडे बघून नापसंतीनं मान हलवतो. संपला.

साहेब पडद्यावरची नावं संपेपर्यंत बसून राहिले. त्या भाषेतलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

"बरं झालं उघडलं दार," ते म्हणाले.

मलाही बरं वाटलं होतं, पण ते बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

पुढच्या शनिवारी चर्चेच्या आधीच साहेब उभे राहिले आणि त्यांनी मागच्या चित्रपटाचा शेवट सभागृहाला सांगितला, चौकशी अहवाल वाचावा तसा, क्रमानं. हात खाली आला, थाप पडली, दार उघडलं, पेय दिलं गेलं, खेचराबद्दल नापसंती व्यक्त झाली. मी प्राध्यापकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता तरी हा माणूस लाजेल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. शिक्षकी पेशात आयुष्य काढूनही माणसाला अशा अपेक्षा राहतात.

"वा," प्राध्यापक म्हणाले. "काकांनी शेवटाची पुनर्रचना केली. प्रेक्षकच कसा नवी संहिता लिहितो, याचं हे जिवंत उदाहरण आहे."

"मी काही लिहिलं नाही," साहेब म्हणाले. "चित्रपटातच आहे."

"तो दिग्दर्शकाचा पाठ झाला, काका. तुमचा वेगळा असू शकतो."

आणि पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी साहेबांसाठी. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उठतील आणि आम्ही निघू. पण ते हसत होते. मान किंचित तिरकी, जशी निरोप समारंभात हार घालून घेताना केली होती तशी. मला तिथेच कळलं की माणूस हातचा गेला.

झालंही तसंच. प्राध्यापकांनी त्यांना 'प्रेक्षक-प्रतिनिधी' केलं. साहेब पहिल्या रांगेत बसू लागले. खादीचा कुर्ता आला, खांद्याला झोळी आली. बाकीचं मी सोसलं असतं, पण भाषा घरात आली. एकदा वांग्याची भाजी वाढली तर म्हणाले, "या घरात स्वयंपाकघर हा तुझा अवकाश आहे, आणि मी त्यात परिघावर आहे."

"मग परिघावरून कोथिंबीर घेऊन या," मी म्हटलं. "संपली आहे."

मी चर्चेला थांबणं बंद केलं. नावं संपली की बाहेर येऊन कँटीनच्या बाकावर बसायचे. आतून माईकवरचा त्यांचा आवाज येई. अर्थ नसलेली वाक्यं, पण खणखणीत. एका शनिवारी परतताना बसमध्ये मी न राहवून बोलले.

"तुम्हाला ते काय बोलतात ते कळतं का?"

"कळतं की. काहीच बोलत नाहीत."

"मग तुम्ही कशाला बोलता तसंच?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत विचार केला. "मी बोलायला लागलो की सगळं सभागृह ऐकतं. मान हलवतात. चुकीची का होईना. घरी कोण ऐकतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बसमध्ये देण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांचं म्हणणं खोडता येण्यासारखंही नव्हतं. मी पुढचे दोन स्टॉप गप्प बसले. ते त्यांना आवडलं असावं.

मग एका शनिवारी प्राध्यापक कुठल्याशा परिसंवादाला परगावी गेले आणि चर्चा चालवायचं काम साहेबांवर आलं. त्या दिवशी मी थांबले. आता हे अवकाश आणि संहिता करत कसे तोंडघशी पडतात ते बघायचं होतं, हे कबूल करते. चित्रपट एका शिंपिणीचा होता. दिवे लागले. साहेबांनी माईक घेतला, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि कुर्ता अंगात असूनही ते एकदम विक्रीकर कार्यालयात जाऊन बसले.

"एकेकानं बोलायचं," ते म्हणाले. "मुद्द्याचं बोलायचं. सुरुवात कोण करतंय?"

पेठेतले गृहस्थ उठले. "मी प्रश्न विचारणार नाही, फक्त दोन शब्द..."

"हा चित्रपट आज पूर्ण पाहिलात का?"

"अहो, मी हा पूर्वीच..."

"आज. मी तुमच्याकडे दोनदा पाहिलं, आपण झोपला होतात."

गृहस्थ उभेच राहिले. मग म्हणाले, "मधला थोडा भाग सुटला असेल."

"ठीक आहे. जेवढा पाहिलात तेवढ्यावर बोला."

ते बसले. मग फोनवाल्यांपैकी एका मुलानं विचारलं की त्या शिंपिणीनं शेवटी लग्नाचा झगा का उसवला. त्यावर एक मुलगी म्हणाली, कारण माप तिनं मुद्दाम चुकीचं घेतलं होतं, आठवतंय का. नाही, चुकून घेतलं होतं, असं तिसरा म्हणाला. तिघं भांडली, नीट, चित्रपटाबद्दल. मीही बोलले. माप मुद्दामच चुकीचं होतं, हे मी सोदाहरण सांगितलं. साहेबांनी "नोंद घेतली" म्हणून मान हलवली आणि "आणखी कोणाला? नाही? चहा घ्या," असं म्हणून चर्चा संपवली. चहा त्या दिवशी गरम मिळाला.

पुढच्या शनिवारी प्राध्यापक परत आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. कोणी घातलं ते सांगायची गरज नाही. पेठेतले गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. प्राध्यापक साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून अतिशय प्रेमानं म्हणाले, "काका, चर्चा म्हणजे सुनावणी नव्हे. आपल्याला संवाद हवा आहे, शिस्त नको." प्रेक्षक-प्रतिनिधी हे पद तेव्हाच्या तेव्हा संपलं. साहेब "बरं" म्हणाले. चित्रपट संपल्यावर, नावं संपल्यावर, ते उठले आणि माझ्यामागोमाग बाहेर आले.

"मूर्ख आहे तो माणूस," कँटीनशी आल्यावर ते म्हणाले.

"हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"तू सगळ्यांनाच म्हणतेस. त्यामुळे कळत नाही."

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात पीएचडीवाली मुलगी बाहेर आली. इकडेतिकडे बघून आमच्या टेबलाशी उभी राहिली. "काका, सॉरी म्हणायचं होतं. तो भावांचा चित्रपट... मी आधी पूर्ण पाहिला होता. दार उघडतं, हे मला माहीत होतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सर माझे गाईड आहेत ना."

एवढं बोलून ती थांबली, जणू यात सगळं आलं. तिच्या दृष्टीनं आलंही असेल. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. तिचं शिक्षण, तिची वाचलेली पुस्तकं, आणि एक वाक्य बोलायची हिंमत नाही. सगळे एका म्हाताऱ्या माणसाला हसत असताना नुसती बघत राहिली. मी तोंड उघडणार होते. साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पीएचडी कधी होतेय?" त्यांनी तिला विचारलं.

"पुढच्या वर्षी, झाली तर."

"झाली की मग बोल. आधी नको." ते हे अगदी शांतपणे म्हणाले. नोकरीत हाताखालच्यांना असंच सांगत असणार.

मुलगी हसली, रडवेली होऊन हसली, आणि आत गेली. मी साहेबांना म्हटलं की तुम्ही तिला फार सहज सोडलंत. ते म्हणाले, "तिला आणखी बरेच शनिवार आत बसायचं आहे. आपल्याला नाही."

आम्ही अजून जातो. फुकटचा चांगला चित्रपट मूर्खांसाठी सोडून द्यावा इतकी मी उदार नाही. आत चर्चा चालू असते तेव्हा आम्ही कँटीनमध्ये बसतो, आणि साहेब बोलतात. कधी कधी ते पूर्ण चुकीचं बोलतात. शिंपिणीनं माप चुकूनच चुकीचं घेतलं होतं, असं त्यांना अजूनही वाटतं.